लाकडी जमिनीवरचा हट्टी डाग: घासायच्या आधी तो कुठे बसलाय ते शोधा

डाग दिसला की हात आधी बाटलीकडे जातो. व्हिनेगर, बाथरूम धुवायचं द्रावण, कपड्यांचं ब्लीच, जे जवळ असेल ते. दहा मिनिटं जोर लावून घासलं की डाग जरा फिका पडतो खरा, पण त्याच्याभोवती ताटाएवढं निस्तेज वर्तुळ उमटतं आणि दारातून आत आलं की आधी तेच दिसतं. ओळखीचे लोक मला फोटो पाठवतात ते बहुधा या टप्प्यावर. मूळ डागाला अर्धा तास पुरला असता, ते वर्तुळ मिटवायला आता दोन-तीन दिवस जाणार असतात.

चूक रसायन निवडण्याच्या आधीच झालेली असते. डाग तीनपैकी एका जागी असतो: पॉलिशच्या थरावर, त्या थराच्या आत, किंवा थर ओलांडून थेट लाकडात. जागा बदलली की उपाय बदलतो, आणि एका जागेचा उपाय दुसऱ्या जागी केला की जमीन बिघडते. म्हणून खालचे टप्पे क्रमानेच घ्या. पहिले तीन कंटाळवाणे आहेत आणि नेमके तेच सगळे गाळतात.

## टप्पा १: खाली नेमकं काय आहे?

लाकडासारखी दिसणारी प्रत्येक जमीन लाकडी नसते. उंबऱ्यापाशी किंवा जिन्याच्या तोंडाशी पट्ट्यांची कापलेली कड उघडी असते. तिथे टॉर्च धरून आडवं बघा.

लाकडाच्या रेषा वरपासून खालपर्यंत सलग असतील तर भरीव लाकूड. या लेखातलं सगळं त्याला चालतं.

वर लाकडाचा एक थर आणि खाली प्लायसारखे आडवे-उभे थर दिसले तर ती इंजिनिअर्ड पट्टी. वरचा थर अर्ध्या मिलिमीटरपासून पाच-सहा मिलिमीटरपर्यंत काहीही असू शकतो. तो दोन मिलिमीटरच्या आत असेल तर यंत्राने घासण्याचा विचार सोडून द्या. हाताने हलकेच घासतानाही खालचा प्लाय उघडा पडायला वेळ लागत नाही.

तिसरा प्रकार लॅमिनेट. खाली दाबलेल्या भुशाचा तपकिरी पुठ्ठा आणि वर लाकडाचं छापील चित्र. त्याला फक्त टप्पा ५ लागू आहे. छापील कागद घासून पुन्हा पॉलिश करता येत नाही.

## टप्पा २: वरचा थर ओळखा

लाकडावर काय लावलंय हे कळल्याशिवाय एकही बाटली उघडू नका. स्पिरिटने पीयू (पॉलियुरेथेन, प्लास्टिकसारखा कडक थर) पॉलिशवरची शाई सुरेख निघते, पण चपड्याच्या म्हणजे लाखेच्या पॉलिशवर तेच स्पिरिट लावलं तर शाईबरोबर पॉलिशही फडक्यावर येतं.

चाचण्या कपाटामागे किंवा सोफ्याखाली करा, आणि याच क्रमाने:

1. पाण्याचा थेंब. थेंब टाका आणि दहा मिनिटं थांबा. मण्यासारखा उभा राहिला तर थर शाबूत आहे. खाली पांढुरका ठिपका पडला तर बहुधा वॅक्स, म्हणजे मेणाचं पॉलिश. थेंब मुरून लाकूड गडद झालं तर तिथे नुसतं तेल लावलेलं आहे किंवा थर झिजून गेला आहे. हीच चाचणी रोज पाय पडतो त्या जागीही करा, कारण सोफ्याखालचा थर नवा आणि दारातला संपलेला असं नेहमीच असतं.
2. मिनरल टर्पेंटाईन. पांढऱ्या सुती फडक्यावर थोडं घेऊन चोळा. फडक्यावर पिवळट-तपकिरी मेणचट रंग आला तर वॅक्स नक्की.
3. डिनेचर्ड स्पिरिट. दोन थेंब, एक मिनिट. जागा चिकट झाली तर चपड्याचं पॉलिश.
4. लॅकर थिनर. एकच थेंब. थर विरघळला तर लॅकर (पटकन वाळणारं पॉलिश). विरघळला नाही, फार तर सुरकुतला किंवा फुगला, तर पॉलियुरेथेन म्हणजे पीयू.

इशारा: चौथी चाचणी जिथे केली तिथे खूण राहते. कायम झाकलेला कोपराच निवडा. पहिल्या तीनमध्ये उत्तर मिळालं तर चौथी करूच नका.

## टप्पा ३: डाग कुठे बसलाय?

टॉर्च जमिनीला जवळजवळ टेकवून प्रकाश आडवा पाडा. डागावर चमक सलग आहे का, तुटली आहे का, तिथे काही उंचवटा आहे का, ते दिसेल. मग नखाने हलकेच खरवडा.

काही तरी नखाखाली आलं किंवा उंचवटा लागला, तर डाग थरावर आहे. टप्पा ५.

डाग पांढरा किंवा दुधी असेल आणि वर हात फिरवला तर गुळगुळीत लागत असेल, तर ओल थराच्या आत अडकली आहे. टप्पा ६.

डाग करडा, गडद तपकिरी किंवा काळा असेल आणि कडा लाकडाच्या रेषांच्या दिशेने पसरलेल्या असतील, तर तो लाकडात आहे. सरळ टप्पा ७. अशा डागावर वरून काहीही चोळलं तरी तो हलणार नाही, कारण तुम्ही काचेच्या बाहेरून आतला डाग पुसताय.

तपासणी: फिकट दिसणाऱ्या जागेवर टर्पेंटाईनचं ओलसर फडकं फिरवा (वॅक्सची जमीन असेल तर हे करू नका). ओलं असताना खूण नाहीशी होऊन वाळल्यावर परत आली, तर तो डाग नव्हेच. ती थरावरची बारीक ओरखड्यांची जाळी आहे आणि तिला पॉलिशचा एक हात हवा आहे.

दोन प्रकार असे की त्यांच्यामागे लागून फायदा नाही. रबरी पाठीच्या पायपुसण्याखाली उमटलेला पिवळा चौकोन म्हणजे रबरातल्या रसायनांनी थराचाच रंग बदललेला असतो. तो पुसला जात नाही, थर काढावा लागतो. आणि गालिचा उचलल्यावर दिसणारा वेगळ्या छटेचा आयत हा उजेडाचा फरक. गालिचा काही महिने बाजूला ठेवा, बराचसा जुळून येतो.

## टप्पा ४: तयारी

आधी डागाचं कारण थांबवा. झिरपणारी कुंडी, गळणारा रेडिएटर, फ्रिजखालचं पाणी, काय असेल ते. ओल चालू असताना काढलेला डाग पंधरा दिवसांत त्याच जागी परत येतो. पट्ट्यांच्या कडा वर उचलल्या गेल्या असतील, म्हणजे पट्टी पन्हळीसारखी झाली असेल, तर अजून पाणी आत आहे. पंखा लावा आणि थांबा. कधीकधी काही आठवडे. पन्हळ झालेली पट्टी तशीच घासून सपाट केली तर वाळल्यावर ती मधोमध फुगीर होते.

मग कचरा काढा. झाडून नव्हे, व्हॅक्युमने. फडक्याखाली सापडलेला वाळूचा एक कण सँडपेपरचं काम करतो.

जवळ ठेवायचं सामान:

- पांढरी सुती फडकी, भरपूर. रंगीत फडक्याचा रंग स्पिरिटमध्ये सुटतो, शिवाय डाग फडक्यावर येतोय की नाही ते कळत नाही.
- जुनं प्लास्टिकचं कार्ड, खरवडायला
- पांढरा नायलॉन पॅड. हिरवा नको, तो भांड्यांसाठी ठेवा.
- काचेची किंवा प्लास्टिकची वाडगी
- रबरी हातमोजे, डोळ्यांवर गॉगल, धुळीचा चांगला मास्क
- मास्किंग टेप

या यादीत स्टीलची घासणी नाही, ती मुद्दाम वगळली आहे. मी एकदा ओकच्या जमिनीवरची बुटाची काळी रेघ बारीक स्टीलवूलने काढली. रेघ दोन मिनिटांत गेली, मी खूश. तीन महिन्यांनी, दमट दिवसांत, त्याच पट्टीवर टाचणीच्या टोकाएवढे वीस-बावीस काळे ठिपके उगवले. लोखंडाचे तुटलेले कण रेषांमध्ये अडकून गंजले होते आणि ओकच्या टॅनिनशी (लाकडातल्या तुरट द्रव्याशी) मिळून शाई झाली होती. ठिपके काढायला पूर्ण पट्टी घासावी लागली.

इशारा, हा नीट वाचा: क्लोरीन ब्लीच आणि कोणतंही आम्ल (व्हिनेगरसुद्धा) एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन हा विषारी वायू तयार होतो. पाळीव प्राण्याच्या मूत्रात अमोनिया असतो, म्हणून त्या डागावर क्लोरीन ब्लीच कधीही ओतू नका. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि व्हिनेगरही मिसळायचं नाही. एक उपाय फसला तर जागा पाण्याने पुसून, पूर्ण वाळवूनच दुसरा. टर्पेंटाईन, स्पिरिट, थिनर वापरताना खिडक्या उघड्या आणि आग, शेगडी, सिगारेट लांब.

## टप्पा ५: थरावरचे डाग

सौम्य उपायापासून सुरुवात करा आणि डाग निघाला की तिथेच थांबा. क्रम असा: कोरडं फडकं, ओलसर फडकं, लाकडी जमिनीचा न्यूट्रल क्लीनर, टर्पेंटाईन, आणि सगळ्यात शेवटी स्पिरिट. जमीन वॅक्सची असेल तर पाण्याच्या पायऱ्या गाळा. टर्पेंटाईनने तिथलं वॅक्सही निघतं, ते नंतर पुन्हा लावावं लागेल. चपड्याच्या आणि लॅकरच्या जमिनीवर या कामाला स्पिरिट वापरायचंच नाही.

1. द्रव फडक्यावर घ्या, जमिनीवर ओतू नका. फडकं पिळल्यावर थेंब पडता कामा नये.
2. डागाच्या कडेकडून मध्याकडे पुसा. मधून बाहेर पुसलं की डाग मोठा होतो.
3. जोर लावण्यापेक्षा वेळ द्या. ओलसर फडकं डागावर दोन मिनिटं ठेवून द्या, मग पुसा.
4. दर दोन-तीन पुसण्यांनंतर फडक्याची घडी बदला.
5. शेवटी स्वच्छ ओलसर फडकं आणि लगेच कोरडं.

डागाप्रमाणे थोडे फरक पडतात.

च्युइंगगम, मेणबत्तीचं मेण: प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घालून वर ठेवा. कडक झालं की कार्डाने रेषेच्या दिशेने उचला. उरलेला तवंग टर्पेंटाईनने.

तेल, तूप, ग्रीस: आधी टॅल्कम पावडर किंवा खडूची पूड जाड पसरून काही तास ठेवा. तेल शोषलं जातं. पहिल्यांदाच ओलं फडकं फिरवलं तर तेल पट्ट्यांच्या फटीत ढकललं जातं आणि तिथून ते काढणं फार अवघड.

बुटाची काळी रेघ: साधा खोडरबर. खरंच. नाही गेली तर टर्पेंटाईन.

शाई, मार्कर: पीयूवर इयरबडने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, फक्त रेघेवर. फडकं वापरलं तर शाई तळहाताएवढी पसरते. बॉलपेनची रेघ झिजलेल्या भागातून लाकडात गेली असेल तर ती टप्पा ७ ची गिऱ्हाईक आहे.

रक्त: गार पाणी. गरम पाण्याने रक्तातलं प्रथिन गोठून चिकटतं. उरलं तर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड इयरबडने, फेस थांबला की पुसून टाका.

वाळलेला रंग, गोंद, स्टिकर: हेअर ड्रायरने मंद गरम करून कार्डाने खरवडा. नेलपॉलिशला नेलपॉलिश रिमूव्हर लावायचा मोह होतो. त्यातल्या ॲसिटोनने लॅकर विरघळतो आणि पीयूसुद्धा मऊ पडतो. कार्ड आणि सबुरी बरी.

नेहमीच्या चुका: व्हिनेगरचं पाणी रोज फिरवल्याने थर हळूहळू निस्तेज होतो. साबणाचा तवंग राहतो आणि त्यावर धूळ बसते, मग लोक अजून साबण घालतात. स्टीम मॉप तर लाकडावर नकोच, वाफ फटींतून थराच्या खाली शिरते.

## टप्पा ६: पांढरे डाग

गरम भांडं, ओला ग्लास, ओला टॉवेल यांचे हे डाग. ओल थरात शिरून अडकली की थर दुधी दिसतो. चपडा, लॅकर आणि वॅक्सवर हे फार होतं, पीयूवर कमी.

1. काहीच करू नका. पंखा लावून दोन दिवस वाट पाहा. ताजा डाग पुष्कळदा आपणहून जातो.
2. पेट्रोलियम जेली. बोटाने पातळ थर लावून रात्रभर ठेवा, सकाळी पुसा. तेल आत मुरतं आणि ओलीची जागा घेतं.
3. हलकी ऊब. पांढऱ्या सुती फडक्याची घडी डागावर ठेवा. इस्त्री सगळ्यात कमी उष्णतेवर, वाफ पूर्ण बंद, तिच्यात पाणीही नको. पाच सेकंद टेकवा, उचला, बघा. पुन्हा पाच सेकंद. तीस-चाळीस सेकंदांत फरक पडला नाही तर थांबा.
4. स्पिरिटचा ओझरता हात, फक्त चपड्याच्या पॉलिशवर. फडकं इतकंच ओलसर की हाताच्या पाठीवर फिरवलं तर गार लागेल पण ओलं दिसणार नाही. पक्षी पाण्याला शिवून जातो तसं एकदा फिरवायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. थर किंचित मऊ होऊन ओल सुटते. फडकं एका जागी टेकवून ठेवलं तर तिथे खळगा पडतो.

तपासणी: पीयूवर पांढरेपणा ऊब देऊनही हलत नसेल तर टर्पेंटाईनने पुसून बघा. पुसला गेला तर तो साबणाचा किंवा चकाकी आणणाऱ्या द्रव्याचा साचलेला तवंग होता. नाही गेला तर थर लाकडापासून सुटला आहे. सुटलेला थर परत चिकटत नाही. घासून नवा द्यावा लागतो, म्हणजे टप्पा ८.

## टप्पा ७: लाकडातले काळे डाग

इथे लोक सर्वांत जास्त चुकतात, म्हणून जरा सावकाश.

काळा रंग बहुधा दोन कारणांनी येतो. पहिलं, लोखंड. ओक, अक्रोड अशा टॅनिन भरपूर असलेल्या लाकडात पाणी आणि लोखंड पोहोचलं की टॅनिन आणि लोखंड मिळून निळसर काळा रंग तयार होतो. जुन्या काळी लिहायची शाई याच जोडीतून बनायची. खिळ्याभोवतीची काळी कडी, लोखंडी स्टँडच्या पायाखालचं वर्तुळ ही याची खूण. दुसरं, मूत्र, कुजलेलं पाणी, चहा-वाईनसारखे सेंद्रिय डाग. लोखंडी डागाला ऑक्झॅलिक ॲसिड लागतं, सेंद्रिय डागाला हायड्रोजन पेरॉक्साइड. खात्री नसेल तर ऑक्झॅलिक आधी.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. डागावर काम करू नका, पूर्ण पट्टीवर करा. मी पहिल्यांदा कुंडीखालचा डाग काढला तेव्हा फक्त काळ्या वर्तुळावर ॲसिड लावलं. काळं वर्तुळ गेलं, तिथे पांढरं वर्तुळ आलं. पट्ट्या मुळातच एकमेकींपेक्षा थोड्या वेगळ्या रंगाच्या असतात, म्हणून एक अख्खी पट्टी अर्धी छटा फिकी असली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. मधोमध गोल मात्र सगळ्यांना दिसतो.

1. टेप लावा. डागलेल्या पट्टीच्या चारही कडांना, बरोबर सांध्यावर. डाग तीन पट्ट्यांवर असेल तर तिन्ही पूर्ण पट्ट्या घ्या.
2. थर काढा. वॅक्स असेल तर आधी टर्पेंटाईनने ते पूर्ण काढा, नाहीतर सँडपेपर भरून येतो. मग ८० नंबर, १०० आणि १२०. हाताने, लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून, फक्त रेषेच्या दिशेने. आडवा ओरखडा आत्ता दिसत नाही, पॉलिश लावल्यावर चांदीच्या तारेसारखा चमकतो. जमीन फार जुनी असून वर रंग दिलेला असेल तर त्यात शिसं असू शकतं. शिशाची तपासणी करून घेतल्याशिवाय घासू नका.
3. बघा. पुष्कळदा घासतानाच अर्धा डाग जातो. सगळा गेला तर रसायन कशाला? थेट टप्पा ८.
4. ऑक्झॅलिक ॲसिड. हातमोजे, गॉगल, मास्क. काचेच्या वाडग्यात गरम पाणी घ्या आणि त्यात ॲसिडची पूड घाला, लिटरला साधारण १०० ग्रॅम. धातूचं भांडं नको. पूड विषारी आहे, मुलं आणि जनावरं त्या दिवशी दुसऱ्या खोलीत.
5. लावा. पूर्ण पट्टीवर ब्रशने एकसारखं. ओलं लागलं पाहिजे, तळं साचता कामा नये. डागावर थोडं जास्त चालेल. कोमट असतानाच लावलेलं चांगलं.
6. वाळू द्या. पूर्ण, शक्यतो रात्रभर. वर पांढरे स्फटिक दिसतील. ते झाडू नका, फुंकू नका, ती पूड नाकात गेली की घसा आणि डोळे पेटतात. ओल्या फडक्याने टिपून घ्या.
7. निर्णय वाळल्यावर. ओलं लाकूड नेहमी गडद दिसतं. ओल्यावर बघून लोक लगेच दुसरा, तिसरा हात मारतात आणि पट्टी भुरकट करून ठेवतात. वाळल्यावरही काळं दिसलं तर दुसरा हात. दोन-तीन हातांनंतर काहीच हलत नसेल तर तो डाग लोखंडाचा नाही.
8. आम्ल मारा. लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा विरघळवून पुसा, मग साध्या पाण्याने दोनदा. आम्ल राहिलं तर नवं पॉलिश नीट धरत नाही.

लोखंडाचा नाही असं ठरलं की पट्टी एक दिवस वाळवून पेरॉक्साइडकडे वळा. ३ टक्क्यांच्या द्रावणात कापड भिजवून, पिळून डागावर ठेवा, वर प्लास्टिक टाका म्हणजे ते वाळत नाही. दर दोन तासांनी उचलून पाहा. मूत्राच्या जुन्या डागाला रात्र लागू शकते. डाग जवळजवळ गेला की पूर्ण पट्टीवरून एकदा तेच द्रावण फिरवा, छटा जुळते. वास राहिला असेल तर प्राण्यांच्या डागांसाठी मिळणारं एन्झाइम क्लीनर आता, लाकूड उघडं असताना वापरा. पॉलिश दिल्यावर ते आत पोहोचणार नाही.

कॉस्टिक सोडा आणि तीव्र पेरॉक्साइडचं दोन बाटल्यांचं लाकूड-ब्लीच मिळतं. ते डागाबरोबर लाकडाचा मूळ रंगही उडवतं. सगळी खोली फिकी करायची असेल तरच ते आणा.

तपासणी: पुढे जाण्याआधी पट्टी किमान ४८ तास वाळलेली हवी. ओलावा मोजायचं यंत्र मिळालं तर डागलेली पट्टी आणि खोलीच्या पलीकडची कोरडी पट्टी, दोन्हींचे आकडे घ्या. ते जुळेपर्यंत पॉलिशचा डबा उघडू नका.

## टप्पा ८: रंग जुळवणं आणि पॉलिश

पाण्याने लाकडाचे तंतू उभे राहतात, पट्टी खरखरीत लागते. १२० नंबरने दोन-चार हलके हात द्या, मास्क लावून, कारण स्फटिकांचा अंश अजून असतो. व्हॅक्युम करा. मग टर्पेंटाईनचं ओलसर फडकं फिरवा. पट्टी ओली असेपर्यंत तिचा जो रंग दिसतो, पॉलिशनंतर साधारण तोच दिसणार. शेजारच्या पट्टीशी तिथल्या तिथे ताडून बघा.

फिकी वाटली तर वुड स्टेन (लाकडाला छटा देणारं द्रव) लावा, पण ठरवलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिका. गडद करता येतं, फिकं करायला पुन्हा घासावं लागतं. त्याच लाकडाच्या तुकड्यावर आधी करून पाहा.

पॉलिश जुन्या थराच्याच जातीचं आणि त्याच चमकेचं हवं. मॅट जमिनीत एक ग्लॉसी पट्टी म्हणजे डाग बरा होता. पीयूचे तीन पातळ हात द्या. पाण्यावरच्या पीयूला दोन हातांमध्ये साधारण दोन ते चार तास, तेलावरच्याला अंदाजे एक दिवस, पण डब्यावर लिहिलं असेल ते प्रमाण. मधे २२० नंबरने हलकेच घासून धूळ पुसा. टेप शेवटचा हात ओला असतानाच काढा. वाळल्यावर ओढली की नव्या थराची कड सोलून येते.

दुसऱ्या दिवशी मोज्यांवर चालता येतं. थर पूर्ण पिकायला पाण्यावरच्या पीयूला एक-दोन आठवडे, तेलावरच्याला महिनाभर लागतो. तोवर तिथे गालिचा किंवा रबरी पायपुसणं टाकू नका, नाहीतर टप्पा ३ मधला पिवळा चौकोन स्वतःच्या हाताने तयार कराल.

इशारा: जवसाचं किंवा दुसरं वाळणारं तेल, तेलाचा स्टेन लागलेली फडकी बोळा करून कचऱ्यात टाकू नका. वाळताना ती तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळ्या हवेत एकेक पसरून कडक वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

## टप्पा ९: पट्टी बदलायची वेळ

पेचकसाचं टोक दाबल्यावर लाकूड मऊ लागलं, आत गेलं, तर ते कुजलं आहे. इंजिनिअर्ड पट्टीचा वरचा थर संपत आला असेल किंवा काळा रंग तीनदा घासूनही तितकाच खोल दिसत असेल, तरीही थांबा. अशा वेळी सुतार ती पट्टी मधोमध चिरून काढतो, नवीच्या खाचेची खालची कड कापतो आणि गोंदाने बसवतो. भरीव लाकडात हे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

फक्त दुकानातली नवी पट्टी थेट डागाच्या जागी बसवू नका. वर्षानुवर्षं उजेड खाल्लेल्या जमिनीत कोरी पट्टी कायम परकी दिसते. भिंतीतल्या कपाटाच्या तळातून किंवा पलंगाच्या मागच्या कोपऱ्यातून त्याच जमिनीची एक पट्टी काढून डागाच्या जागी बसवा, आणि दुकानातली कोरी पट्टी तिथे कपाटाखाली जाऊ द्या.